दिवा हाताला गरम लागण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वाहन तपासणी अधिकारी,
वाहन नोंदणी व तपासणी कार्यालय,
दुसरा मजला, सात नंबरच्या खिडकीमागची खोली.

विषय : जुन्या मोटारीला बसवलेले नवीन एलईडी दिवे काढून पूर्वीचे तापणारे दिवे परत बसवू देणेबाबत. (अर्ज तिसरा)

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा शेरा : "दिव्यांचा प्रकाश अपुरा. वाहन नापास."
२) माझे आधीचे दोन अर्ज.
३) आपले पत्र : "दिवा गरम असण्याची आवश्यकता कोणत्या नियमाखाली आहे, ते अर्जदाराने नमूद करावे."

महोदय,

आपले पत्र मिळाले. ते मी तीनदा वाचले. मी चौथी शिकलेली बाई आहे, एका वाचनात सरकारी कागद समजत नाही हे आधीच मान्य करते. पण तीनदा वाचूनही त्यात माझ्या म्हणण्याचे उत्तर सापडले नाही, उलट मलाच प्रश्न घातलेला दिसला. हरकत नाही. विचारलेच आहे तर सांगते. आधीचे दोन अर्ज आपल्या गेटबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याने लिहिले होते. त्याचे अक्षर मोत्यासारखे आहे, पण त्याने "सदर", "सबब" आणि "उपरोक्त" इतके पेरले की त्यात माझे यजमान कुठे हरवले ते मलाच दिसेना, आपल्याला कुठून दिसणार? म्हणून हा अर्ज मी स्वतः लिहीत आहे. सुनेने ऱ्हस्व-दीर्घ बघितले आहे. मजकुराला मी तिला हात लावू दिलेला नाही.

१. सदर मोटार (हा शब्द मीही एकदा वापरून घेते) बासष्ट वर्षांची, काळी, चार दारांची आहे. ती कारखान्याच्या मोठ्या साहेबांची होती आणि माझे यजमान चौतीस वर्षे तिचे ड्रायव्हर होते. कारखान्याने ती भंगारात काढली तेव्हा यजमानांनी घेतली आणि माझ्या नावावर केली. मी म्हटले, "स्वतःच्या नावावर का नाही?" तर म्हणाले, "मग मी मालक होईन. मला तिचा ड्रायव्हरच बरा." म्हणून अर्जदार मी आहे. आपल्या सात नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी "मालकाला पाठवा" असे मला चार वेळा सांगितले. मालक त्यांच्यासमोरच उभी होती.

२. यजमानांचे वय आज एक्क्याऐंशी. साखरेने आधी त्यांचे डोळे नेले आणि मग मूत्रपिंडे. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीनदा त्यांना सकाळी डायलिसिस केंद्रावर न्यावे लागते. तिथे चार तास मशीन त्यांचे रक्त धुऊन परत अंगात सोडते. हे दोन वर्षे चालू आहे. वर्षभरापासून त्यांचे डोकेही जागेवर राहिलेले नाही. ते अजून नोकरीत आहेत असे त्यांना वाटते. आमच्या धाकट्या मुलाला ते नवीन लागलेला ड्रायव्हर समजतात. मला "बाईसाहेब" म्हणतात, म्हणजे मोठ्या साहेबांची बायको. ती बाई मला जन्मात कधी आवडली नाही, आणि आता दिवसभर तिचे सोंग मला वठवावे लागते. ही तक्रार आपल्या खात्यात येत नाही. फक्त माहितीसाठी.

पण गाडी ते विसरले नाहीत. तिच्यात बसायला त्यांनी कधी कुरकुर केली नाही. धाकटा चालवायचा, हे शेजारी बसून त्याला शिकवायचे. "क्लच सोडायची एवढी घाई कशाला? लग्नघटका टळतेय का तुझी?" धाकटा बावन्न वर्षांचा आहे, दोन पोरांचा बाप आहे, तरी तो मुकाट्याने "चुकलं उस्ताद" म्हणायचा. असे शिकवत शिकवत केंद्र यायचे. साहेब आत मीटिंगला गेलेत, तोवर आपण जरा आडवे होऊ, असे म्हणून ते स्वतःहून खाटेवर हात पुढे करायचे. दोन वर्षांत एक पाळी चुकली नव्हती. केंद्रावरची नर्स आम्हाला घड्याळ म्हणायची.

३. आता आपण विचारलेला नियम.

माझ्या लग्नाला तीन वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. कारखान्याच्या दुसऱ्या गाडीवर ह्यांचा जिवाचा दोस्त ड्रायव्हर होता. एका संध्याकाळी दोन्ही गाड्या एकामागे एक येत होत्या. पुढच्या दोस्ताच्या गाडीचा उजवा दिवा गेलेला होता. आत बसलेल्याला ते कळत नाही. समोरून सायकलवाला आला. एकच दिवा दिसतोय म्हणजे मोटरसायकल असेल अशा समजुतीने त्याने जेवढी जागा सोडायची तेवढीच सोडली. त्याला रस्त्यावरून माझ्या यजमानांनी उचलले. दवाखान्यापर्यंत तो बोलत होता, पुढे बोलला नाही. दोस्ताने त्यानंतर स्टिअरिंग धरले नाही, कारखान्याच्या गोदामात पोती मोजत नोकरी संपवली.

तेव्हापासून ह्यांचा नियम असा : दिवस असो की रात्र, गाडी बाहेर काढण्याआधी दिवे लावायचे, थोडे थांबायचे, आणि दोन्ही काचांवर तळहात ठेवून बघायचा. काच तापली म्हणजे दिवा जळतो आहे. नुसत्या डोळ्यांनी का नाही, असे मी विचारले होते. "उन्हात लागलेला दिवा डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो," म्हणाले. एकदा मोठे साहेब विमानाच्या घाईत होते आणि तोंडाला येईल ते बोलत होते. यजमान म्हणाले, "साहेब, विमान तुमच्यासाठी थांबणार नाही हे खरं. पण मी दिव्यासाठी थांबणार." चौतीस वर्षांत त्यांच्या गाडीने कुणाला खरचटले नाही. डोळे गेले तेव्हा लोक म्हणाले, आता हा कसा तपासणार? पण त्यांची तपासणी डोळ्यांवर कधी नव्हतीच.

हा नियम आपल्या पुस्तकात नाही. पण आपले पुस्तक ज्या सायकलवाल्यासाठी लिहिले आहे, त्याच सायकलवाल्यासाठी हा नियम आहे. कलम विचारले होते, ते हे.

४. गेल्या तपासणीला आपल्या साहेबांनी गाडी मशीनसमोर उभी केली आणि प्रकाश अपुरा म्हणून नापास केली. ते बरोबरच होते, मी खोटे बोलणार नाही. सहा व्होल्टची जुनी बॅटरी आणि म्हातारा डायनामो, उजेड पडायचा तो शिळ्या चहाच्या रंगाचा. साहेब म्हणाले, "आजी, जमाना कुठे गेला! सगळं नवीन करून घ्या, एका दिवसात पास करतो." मी घरी येऊन धाकट्याला सांगितले, एकदाच काय ते कर आणि मला परत त्या जिन्याने चढवू नकोस. हुकूम माझा होता. धाकट्याला तर हेच हवे होते, तो लहानपणापासून रेडिओ उघडून बसणारा. पाळीच्या सकाळी जुन्याच दिव्यांनी गाडी जोडून उभी करायचा, बाकी वायरिंगवाल्याला घेऊन तीन आठवडे तो गाडीखालून निघाला नाही. बारा व्होल्टची बॅटरी आली, डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, नवीन इग्निशन आले, पुढे पांढरे एलईडी दिवे आले. वळताना दारामागच्या खांबातून एक नारिंगी हात बाहेर यायचा, तो बंद करून लुकलुकणारे दिवे आले. मागे कॅमेरा, पुढे पडदा. आणि एक बाई, जी "कृपया पट्टा लावा" म्हणते. आपल्या साहेबांनी टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. नोंदीत "एलईडी" असे लिहून, शिक्का मारून गाडी पास झाली. मी पेढे वाटावेत इतकी खूश झाले होते. ह्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि हात माझा होता.

५. पुढच्या सोमवारी यजमान तयार होऊन खाली आले. धाकट्याने दिवे लावले. ह्यांनी उजव्या काचेवर तळहात ठेवला. थांबले. डाव्या काचेवर ठेवला. पुन्हा उजव्या. मग धाकट्याला म्हणाले, "दोन्ही दिवे गेलेत. गाडी आत घे."

धाकट्याने समजावले की नवीन दिवे मागच्या बाजूने तापतात, काच गारच राहते. मागे हात जात नाही. ते म्हणाले, "पोरा, दिवा लागला की तापतो. तुझ्या आईने तुला चुलीजवळ कधी बसवलं नाही का?" त्याची आई तिथेच उभी होती. मी म्हटले, "दिवे लागलेत, मी डोळ्यांनी बघतेय." तर हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, तुमचा हुकूम शिरसावंद्य. पण गाडी रस्त्यावर काढायची की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. फार तर नोकरीवरून काढा." माझ्याशी उभ्या आयुष्यात ते इतक्या अदबीने बोलले नव्हते, आणि बोलले ते नाही म्हणायला.

त्या दिवशी दुपारपर्यंत विनवण्या करून, पडद्यातल्या बाईला "मागे बसलेल्या पाहुण्या" ठरवून, कसेबसे नेले. पण मग ते शहाणे झाले. बुधवारी मी ते येण्याआधी दोन्ही काचांवर शेकायची पिशवी धरली. ह्यांनी हात ठेवला, मान हलवली, माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी तळहात नाकाशी नेला. "रबराचा वास येतोय. दिव्याला शेक कोण देतंय?" त्यानंतर सुनेने केस वाळवायच्या यंत्राने काचा तापवल्या. एकदा चालले. दुसऱ्यांदा डाव्या दिव्याची काच, ती काच नव्हेच, प्लास्टिक आहे, दुधासारखी पांढरी झाली. आणि यजमान इंजिन सुरू झाल्यावर पुन्हा एकदा हात लावतात हे सून विसरली. तोवर ती गार. त्या दिवसापासून ते सुनेलाही नवीन ड्रायव्हरच्या कटात धरतात.

वायरिंगवाल्याने तोड काढली की काचेच्या आतून तापणारी बारीक तार फिरवू. मी ते आपल्या तपासणी साहेबांना विचारायला आले. ते म्हणाले, दिव्याच्या आत दिव्याखेरीज काही बसवता येत नाही. म्हणजे दिवा तापत नाही, आणि तापवायचा म्हटले तर तो दिवा राहत नाही.

६. दुसऱ्या वाहनाने न्या, असे आपल्या खिडकीवर मला सुचवण्यात आले. सुचवणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगावा. भाड्याच्या गाडीचेही दिवे तसेच गार. पहिल्या सिग्नलला हे दार उघडून उतरले आणि मागच्या गाड्यांना हात दाखवत उभे राहिले, बंद दिव्याच्या गाडीमागे कुणी येऊ नये म्हणून. रुग्णवाहिका आणली तर म्हणाले, "मी ड्यूटीवर आहे, ड्यूटीवर माणूस आडवा होत नाही." केंद्रावरच ठेवून घ्या म्हटले, तर पहिल्याच दिवशी सुई उपसून गाडी कुठे लावलीय ते बघायला जिन्यापर्यंत गेले. तोवरच्या पाळ्या उशिरा, अर्ध्यामुर्ध्या का होईना, होत गेल्या. पण मागच्या शुक्रवारी आम्ही एक पाप केले. शेजारचे तिघे आणि धाकटा, अशा चौघांनी त्यांना उचलून गाडीत घातले. ते ओरडत नव्हते. "समोरच्याला दिसणार नाही, समोरच्याला दिसणार नाही," एवढेच पुटपुटत होते. केंद्रावर रक्तदाब इतका चढलेला निघाला की मशीनला जोडताच आले नाही, तसेच परत आणले. डॉक्टरांनी लिहून दिले आहे की रुग्णास जबरदस्तीने आणू नये. ती चिठ्ठी सोबत आहे. धाकटा त्या दिवशी जेवला नाही. तो म्हणाला, "आई, इतकी वर्षं मला शिकवत होते ते हेच, आणि मीच त्यांना बंद दिव्याच्या गाडीत घातलं."

७. जुने दिवे मी टाकले नव्हते. मी काही टाकत नसते. दिव्यांच्या आतल्या जुन्या चकाकत्या वाट्या, जुन्या जाड काचा पिठाच्या रिकाम्या डब्यात फडक्यात गुंडाळून होत्या. वायरिंगवाल्याने त्यांत बसतील असे बारा व्होल्टचे, तारेचे बल्ब शोधून आणले. भिंतीवर उजेड पाडून दाखवला. पूर्वीच्या चौपट, आणि काच दोन मिनिटांत तव्यासारखी. आम्ही आपल्याकडे धावलो की हे मोजा, उजेड पुरला तर पास करा, नाही पुरला तर नापास करा. उत्तर मिळाले की नोंदीत एलईडी आहे, तेव्हा दुसरा दिवा मशीनवर मोजता येत नाही. आधी नोंद बदला. नोंद बदलायच्या खिडकीवर गेलो. ते म्हणाले, आधी मोजणीचा दाखला आणा. मी वरच्या मजल्यावरून खालच्या आणि खालच्यावरून वरच्या अशी एका दिवसात सहा वेळा गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे आहेत, त्यांच्याही तपासणीची मुदत संपलेली आहे. शेवटी एका भल्या कारकुनाने सांगितले की विशेष बाब म्हणून साहेबांना अर्ज करा, पंचेचाळीस दिवसांत निर्णय होतो. त्याचा राग नाही. त्याने निदान मला बसायला खुर्ची दिली.

८. पंचेचाळीस दिवसांचे म्हणाल तर : शुक्रवार गेला, सोमवार गेला. आज मंगळवार. यजमानांच्या पायांची सूज गुडघ्यांच्या वर आली आहे, बोट दाबले तर खड्डा तसाच राहतो. काल दुपारपासून त्यांना आडवे होता येत नाही, श्वास लागतो. खुर्चीत बसून आहेत. तरी मला विचारतात, "बाईसाहेब, दिव्याचं काम झालं का? साहेबांचा खोळंबा होतोय." डॉक्टरांनी फोनवर सांगितले की बुधवार चुकवू नका. का, असे मी विचारले नाही. मला कळते.

मी आपल्याला निर्दय म्हणत नाही. मी आठ दिवस ह्याच गोष्टीवर विचार करते आहे, आणि मला असे दिसते की आपण आणि माझे यजमान एकाच जातीची माणसे आहात. दिव्याची खात्री पटल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे दोघांचे म्हणणे. फरक इतकाच की आपण कागदाला हात लावून बघता आणि ते काचेला. आपल्याला पटवले तर ते अडतात, त्यांना पटवले तर आपण अडता. मधे मी आहे आणि एक बुधवार आहे.

९. सबब, उपरोक्त सर्व बाबींचा विचार होऊन परवानगी मिळावी, असे लिहायची पद्धत आहे. तसे समजून घ्यावे. परंतु परवानगी उद्या सकाळच्या आत येत नाही हे मला माहीत आहे, कारण टपालाची पेटी आपल्याकडे चारनंतर उघडतात आणि आपण आज दौऱ्यावर आहात असे शिपायाने सांगितले. म्हणून पुढची बाब अर्ज म्हणून नव्हे, कळवणे म्हणून लिहीत आहे.

उद्या, बुधवारी, मी आपल्या परवानगीशिवाय जुने दिवे बसवून गाडी रस्त्यावर आणणार आहे. वायरिंगवाला सकाळी सहाला येईल. सव्वासातला आम्ही घरून निघू. शाळेच्या मागून, पाण्याच्या टाकीजवळून, मोठ्या चौकात डावीकडे, आणि तिथून सरळ केंद्र. चोरून जात नाही, म्हणून रस्ता लिहून दिला. धाकटा माझ्या सांगण्यावरून चालवेल, त्याच्या लायसन्सला हात लावू नये. माझ्याकडे लायसन्स नाही, पण गाडी माझ्या नावावर आहे, तेव्हा जे कलम लागेल ते माझ्या नावावर लावावे. गाडी जप्त करायची असेल तरी माझी हरकत नाही, तसे मी खाली सही करून देते.

फक्त जाताना अडवू नका. आपल्या माणसाने शिट्टी मारून हात दाखवला तर ती ऐकून यजमान धाकट्याला गाडी थांबवायला लावतील, खाली उतरून सलाम करतील, चूक कबूल करतील आणि गाडी मागे फिरवायला सांगतील. हात दाखवणाऱ्याला त्यांनी कधी ओलांडले नाही आणि उद्याही ओलांडणार नाहीत. मग मी कितीही अर्ज लिहिले तरी उपयोग नाही.

साडेबाराला आम्ही त्याच चौकातून परत येऊ. तेव्हा खुशाल अडवा. गाडी तिथेच ठेवून घ्या, आम्ही त्यांना हाताला धरून चालवत घरी नेऊ, तेवढी ताकद तोवर त्यांना आलेली असेल. शुक्रवारपर्यंत दोन दिवस मिळतात. शुक्रवारचे मी शुक्रवारी बघेन.

आपली, जमेल तितकी नम्र,

(सही)
गाडीची मालक आणि ड्रायव्हरची बायको

दिनांक : १४, मंगळवार. महिना आणि साल आपल्या आवक शिक्क्यावर येईलच.

सोबत : १) नोंदणी पुस्तकाची प्रत. २) डॉक्टरांची चिठ्ठी. ३) आपलेच पत्र, परत.

प्रत : मोठ्या चौकातले वाहतूक हवालदार यांना माहितीसाठी, व परतताना योग्य त्या कार्यवाहीसाठी.